दोन नळवाल्या बाई

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि मोटर कशी चालवायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मे महिन्यातली सकाळ. आमच्या जयपूरच्या जवाहर नगरात नळाला पाणी आलं की सगळा सेक्टर एकदम घरघरायला लागतो. प्रत्येकाची मोटर, प्रत्येकाची गच्चीवर टाकी, आणि पाणी थोडाच वेळ. मी फाटकाशी मोटरजवळ पहारा देत उभा होतो. तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक बाई काठी टेकत आल्या. पाटीवरचं माझं आडनाव वाचलं. नमस्कार नाही, ओळख नाही, एकदम म्हणाल्या, "काय हो, दोन मजले पाणी चढवायला एवढा गोंगाट करून राहिले? पार्कातला तो अर्जुन बघा. चार मजले चढवतो. ऐकू येते का काही?"

खरं म्हणजे गल्लीत मराठी कानावर पडली म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण अपमान माझ्या मोटरचा होता. मी म्हणालो, "बाई, झाडाला मुळं असत्यात. मुळं ढकलत्यात पाणी वर. त्याची मोटर जमिनीत हाय, म्हणून ऐकू येत न्हाई."

"मुळं नाही ढकलत. पानं ओढतात."

"पान? फुंकर मारली तर हलतंय, ते ओढतंय?"

"ओढतंय," असं माझीच नक्कल करत म्हणाल्या आणि चालू पडल्या. जाता जाता फाटकाच्या गजांतून हात घालून माझ्या जास्वंदीचं एक पान उलटं करून बघितलं. न विचारता. टाकी भरून वाहायला लागली तरी मी तिथंच उभा होतो. एवढं लांबलेलं भांडण मी जन्मात फक्त एकाच माणसाशी केलं होतं, माझ्या बायकोशी. हे दुसरं त्या सकाळी सुरू झालं.

बाई मूळच्या नागपूरच्या. इथल्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त होऊन पार्काच्या पलीकडच्या अंगाला एकट्या राहायला आल्या होत्या. सेक्टरातले लोक त्यांना 'दो नल वाली मैडम' म्हणायचे. कारण कुणीही भेटो, भाजीवाला, टपालवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा भैया, बाई त्याला ऐकवायच्याच, की झाडात दोन प्रकारचे नळ असतात. एक आत लाकडात, त्यातून मुळाकडचं पाणी वर जातं. दुसरा बाहेरच्या बाजूला, सालीच्या आत चिकटून, त्यातून पानात तयार झालेली साखर निघते. हे सांगताना उजवा हात वर, डावा हात खाली, असे दोन्ही एकदम हलवायच्या. सोडाल्याच्या चौकात गाड्या अडवणारा पोलीससुद्धा एवढे हात हलवत नाही. मी त्यांना फक्त 'बाई' म्हणायचो. शाळेत बाईंनी शिकवण्याचा योग मला आला नव्हता. चौथीची परीक्षा मी दिली नाही, कारण आमच्या मास्तरांशी माझं पटलं नाही.

आता हुद्द्याचं सांगायला हवं. मी फौजेत गाडी चालवली. डोंगरातल्या वाटांवर, बर्फात, रात्री दिवे न लावता, पंचवीस वर्षं. हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची नेमणूक जयपूरला होती, घर इथंच घेतलं, सातारा मागं राहिला. सुभेदारी का हुकली? माझ्या जिभेमुळं, असं माझी बायको हौसा म्हणायची. पण सेक्टरातल्या लोकांनी पहिल्या दिवसापासून मला 'सूबेदारजी' म्हणायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. लोक प्रेमानं बढती देत असतील तर ती परत करायला मी काय वेडा आहे? सगळं सुरळीत चाललं होतं. बाईंनी मात्र दुसऱ्याच भेटीत विचारलं, "सुभेदार कोणत्या साली झालात?" मी जरा खोकलो. त्यांना तेवढं पुरलं. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी 'हवालदार'. तेही हळू नाही, पार्काच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचे हसायचे. त्यांना वाटायचं, मैडम गंमत करतात.

पान ओढतं हे सिद्ध करायला बाईंनी एकदा अर्जुनाच्या खालच्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधली आणि तोंड सुतळीनं आवळलं. दुपारी उन्हातान्हात मला हाक मारून नेलं. पिशवीच्या तळाशी वाटीभर पाणी. "कुठून आलं हे?"

"घाम हाय झाडाचा."

"शाबास. पानातून पाणी उडतं. एक थेंब उडाला की त्याच्या मागचा पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी. पाणी पाण्याचा हात सोडत नाही, हवालदार. पानापासून मुळापर्यंत एकच साखळी. ऊन वरून ओढतं, मुळाशी पाणी हलतं."

"आणि साखळी तुटली तर?"

"तर त्या नळात हवा शिरते. तो नळ बाद."

डिझेलच्या लायनीत हवा शिरली की भरल्या टाकीची गाडी जागच्या जागी मरते, हे मी कितीदा बघितलंय. चढावर, मागं पुरी रांग थांबलेली, आणि मी बोनेटखाली डोकं घालून हवा काढतोय. बाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं. तरी त्या बरोबर तिथंच येऊन थांबल्या होत्या. पण एवढ्यावर हार मानायची माझी सवय नाही. मी म्हणालो, "बघू."

आणि बघितलंच. मोरीच्या पाण्यावर हौसानं लावलेला अळू आमच्या मागच्या अंगणात अजून आहे. पावसाळ्यातल्या एका पहाटे बघतो तर प्रत्येक पानाच्या टोकाला एक टपोरा थेंब. पाऊस नाही, दव नाही, बाजूचा कपड्यांचा दांडा कोरडा ठणठणीत. ऊनही नव्हतं, मग ओढलं कुणी? मी त्यातलंच कुंडीत लावलेलं एक रोप कुंडीसकट उचललं आणि तडक बाईंच्या दारात. त्या दात घासत होत्या. "ढकललं का न्हाई मुळांनी? सांगा आता!"

बाईंनी चष्मा लावला, थेंब बघितला आणि तोंडात फेस असतानाच हसायला लागल्या. "ढकललं. रात्री मुळं ढकलतात थोडं. मी नाही म्हटलं होतं, ते चुकलं."

जन्मभर शिकवलेल्या माणसानं एवढ्या चटकन 'चुकलं' म्हणावं याचा मलाच धक्का बसला. मी अजून चार मुद्दे तयार करून नेले होते. ते तसेच राहिले. बाई चूळ भरून आल्या आणि म्हणाल्या, "पण ढकलून पाणी अळूपर्यंत जातं, हवालदार. अर्जुनाच्या शेंड्यापर्यंत नाही. अर्धा मार्क देते तुम्हाला." तो अर्धा मार्क हा माझ्या शिक्षणातला सगळ्यात मोठा मार्क. मी त्या दिवशी घरी अळूवड्या करून त्यांना डबा पोचवला.

बाईंची एक सवय मला कधीच झेपली नाही. त्या झाडं चाखायच्या. माझ्या जास्वंदीवर मावा पडला होता, पानं चिकट झाली होती, मुंग्यांची ये-जा चालू होती. बाईंनी एक पान तोडलं आणि सरळ जिभेला लावलं. वर मला म्हणाल्या, "चाखा."

"काय हाय ते?"

"साखर. हा किडा सोंड खुपसून बरोबर सालीतला नळ शोधतो. त्या नळात एवढा दाब असतो की याला ओढावंही लागत नाही, साखर आपोआप पोटात. जास्तीची मागच्या बाजूनं बाहेर."

"मागच्या बाजूनं?"

"हो."

"बाई, मी तीन ठिकाणी सीमेवर राहिलोय. बर्फ वितळवून प्यालोय. पण किड्याच्या मागच्या बाजूचं मी चाटणार न्हाई."

"गोड आहे हो."

"असंल." पुढं कितीतरी दिवस त्या चहात साखर घालताना मला विचारायच्या, "डब्यातली देऊ, की जास्वंदीवरची आणता?"

पाणी एकाच दिशेनं जातं, साखर मात्र जिथं भूक असेल तिथं जाते, हे त्यांचं आवडतं वाक्य. फळ धरलं तर फळाकडे, कोंब फुटला तर कोंबाकडे, आणि एरवी खाली मुळांकडे. "मुळांना ऊन दिसत नाही," त्या म्हणायच्या, "त्यांना स्वैपाक करता येत नाही. पानं रांधतात आणि सालीतून डबा खाली पाठवतात. डबा बंद झाला की मुळं उपाशी." मी हे ऐकून सोडून द्यायचो. या बोलण्याशी माझा एवढा जवळचा संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

त्या अर्जुनाची गोष्ट अशी, की तो हौसानं लावलेला. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा पार्क नव्हता, नुसतं धुळीचं मैदान होतं. हौसानं कुठून तरी हातभर रोप आणलं आणि मैदानाच्या मधोमध लावलं. नळ घरात, झाड मैदानात. ती दोन बादल्या घेऊन जायची, जयपूरच्या उन्हात, लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन. मी म्हणायचो, मरंल ते, कशाला जीव काढतीस. ती उत्तर द्यायची नाही, पण बादल्या बंद केल्या नाहीत. मग एका वर्षी म्हणाली, "आता त्येचं त्यो घेतोय पाणी." हौसाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी रोज सकाळी पार्कात जातो ते चालायला, असं सगळ्यांना वाटतं.

अर्जुनाची साल हृदयाला चांगली म्हणतात. पार्कात सकाळी येणाऱ्या मंडळींचे पुढारी गुप्ताजी, माणूस मनाचा चांगला, पण छातीत जरा गॅस अडकला की भिणारा. त्यांनी खिशात छोटा चाकू ठेवायला सुरुवात केली. साल सोलायची, घरी उकळायची, काढा प्यायचा. त्यांचं बघून दुसरे, दुसऱ्यांचं बघून तिसरे. आणि सगळे एकमेकांना शहाणपण सांगायचे, की एकाच जागी नका सोलू, झाडाला त्रास होईल, जरा बाजूला सोला. असं करत, प्रत्येकानं झाडाची काळजी घेत, कमरेएवढ्या उंचीवर साल सगळीकडून काढली. मी दोनदा भांडलो. मी पुढं गेलो की मागं पुन्हा चाकू निघायचा. त्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी बाई झाडाभोवती हात फिरवत फिरल्या आणि बाकावर बसल्या. चेहरा उतरलेला. "आज पट्टा पुरा झाला," म्हणाल्या. खोडाभोवती वीतभर रुंदीचं उघडं लाकूड, कुठंही सालीचा धागा शिल्लक नाही.

गुप्ताजी म्हणाले, "मैडम, पेड़ तो एकदम हरा-भरा है।"

"हरा रहेगा, गुप्ताजी. पानी लकड़ी में से जाता है, वो चालू है. नीचे का खाना बंद हो गया."

खरं सांगतो, मलाही बाई उगाच घाबरवतात असं वाटलं. पानं तकतकीत होती. दिवाळी झाली, थंडी आली, झाड जसंच्या तसं. मी बाईंना चिडवलं, "काय बाई, तुमच्या मयताचा तजेला तर बघा!" त्या चिडल्या नाहीत. "मुळं साठवलेलं खाऊन राहिली आहेत," एवढंच म्हणाल्या. "साठा संपला की मुळं मरतील. मग पाणी कोण पाठवणार? तेव्हा शेंडा वाळेल, तुम्हाला कळेल, आणि काही करायची वेळ गेलेली असेल."

जानेवारीत त्यांनी मला झाडाशी उभं केलं. "चष्मा लावा. पट्ट्याची वरची कड बघा, खालची बघा." वरची कड फुगली होती, ओठासारखी जाड, गुबगुबीत. खालची कड सुकलेली, बसलेली. "हवालदार, तुम्ही रांगेत गाड्या चालवल्या. पुढचा पूल तुटला तर गाड्या कोणत्या बाजूला साचतात?"

"येत्यात त्या बाजूला. दुसऱ्या बाजूला रस्ता मोकळा."

"मग माल कुठून येऊन राहिला होता?"

मी त्या फुगीवर बोट दाबलं. टणक होती. वरून आलेलं सगळं तिथं येऊन थांबलं होतं, आणि वीतभर खाली हौसाच्या झाडाची मुळं वाट बघत होती. डोंगरात पूल वाहून गेल्यावर पलीकडच्या चौकीचं रेशन संपत आलेलं मी बघितलंय. तिथं कुणी म्हणत नाही की चौकीवरचा झेंडा अजून फडकतोय, म्हणजे सगळं ठीक आहे.

"मग पूल बांधायचा," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, त्याच्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला!"

पूल म्हणजे असा, की त्याच झाडाच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या घ्यायच्या, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासायची, एक टोक खालच्या सालीत आणि दुसरं वरच्या सालीत खुपसायचं. सालीतला नळ काडीच्या नळाला भिडला आणि जुळला, तर साखर उघड्या लाकडावरून पार होते. फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना, काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून बाईंनी त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. होळी झाल्यावर नवी पालवी फुटायच्या आधी दिवस धरला. बाईंचे हात कापायचे. माझ्या हाताला कंप नाही, आजही नाही. म्हणून चाकू माझा, डोकं त्यांचं. मोच्याकडून बारीक खिळे आणले, मेण आणि राळ गरम करायला जुनं पातेलं घेतलं. पातेलं धरायचं काम बाईंनी गुप्ताजींना दिलं. शिक्षा म्हणूनच दिलं असणार.

सगळा पार्क गोळा झाला. पट्ट्याच्या कडा साफ करताना सालीचे तुकडे खाली पडत होते. थोड्या वेळानं बाई मागं न बघता म्हणाल्या, "गुप्ताजी, जेब खाली कीजिए."

"मैडम, ये तो वैसे भी गिर गया था..."

"खाली कीजिए." गुप्ताजींनी खिसा झटकला. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातानं खिसा उलटा केलेला, असा तो माणूस मला अजून डोळ्यापुढं दिसतो.

मी पहिली काडी लावली ती एकदम ताठ, सरळ, ठोकून पक्की. बाईंनी ती काढायला लावली. "थोडी कमान ठेवा. वारा सुटला की झाड डोलतं. ताठ काडी निसटते." मग जरा थांबून, "माणसांचंही तसंच असतं म्हणतात, मला काय माहीत." मी ऐकू न आल्यासारखं केलं. कमान मात्र ठेवली.

खरं भांडण शेवटच्या काडीला झालं. बाईंनी प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला होता. झाडावर जे टोक वर होतं तेच पुलातही वर यायला पाहिजे, नाहीतर चालणार नाही, म्हणे. मी म्हणालो, नळ तो नळ. माझ्या मोटरचा पाइप मी उलटा लावला म्हणून पाणी काय परत जातं? बाई म्हणाल्या, काडीला कळतं वर कुठं आणि खाली कुठं. मी म्हणालो, काडीला कळतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, काडीनं? शेवटी त्या कंटाळल्या. "ठीक आहे. बाकीच्या नीट लागल्या आहेत. ही एक उलटी लावा. तुम्ही जिंकलात, तर मी तुम्हाला सुभेदार म्हणेन. पार्काच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि तुम्ही जिंकलात तर?"

"तर तुम्ही इथं उभं राहून सगळ्यांना तुमचा खरा हुद्दा सांगायचा."

मी लाल दोरा खाली करून काडी ठोकली.

तो उन्हाळा वाईट गेला. शेंड्याच्या दोन फांद्या वाळल्या. मी रोज वर बघायचो आणि मान दुखायची. घरी बसवत नव्हतं म्हणून संध्याकाळीही जायचो, आणि हौसासारखीच एक बादली न्यायचो. बाई म्हणायच्या, पाणी घालून काय होणार, पाण्याचं दुखणं नाही हे. पण बादली ओतताना अडवायच्या नाहीत. मग पहिल्या पावसानंतर काड्यांवर चक्क कोंब आले. मी आनंदानं ओरडलो. बाईंनी अंगठ्यानं एकेक कोंब खुडून टाकला. "हा पूल आहे, हवालदार. पुलावर घरं बांधू द्यायची नाहीत. जे येईल ते खाली जाऊ द्या." मला ते फार जड गेलं. पण तेव्हापासून कोंब खुडायचं काम मी केलं, एक दिवस चुकवला नाही.

माझी उलटी काडीही जगली होती. मी ती सगळ्यांना दाखवत फिरलो. बाईंनी ती दोन बोटांत धरली, मग शेजारची धरली. "हिरवी आहे. पण फुगली का? बाकीच्या बघा, जाड होऊन राहिल्या."

"लागली का न्हाई?"

"लागली. तुमच्या सुभेदारीसारखी. लागली आहे, पण वाढत नाही."

त्या दिवाळीनंतर बाईंची लेक नागपुराहून त्यांना न्यायला आली. गुडघे गेले होते, एकटीला ठेवणं बरं नव्हतं. निघायच्या सकाळी टॅक्सी फाटकाशी उभी, सामान आत, लेक घड्याळ बघतेय, आणि बाई पार्कात. त्यांनी एकेक काडी हातानं चाचपली. माझ्या काडीशी आल्यावर म्हणाल्या, "निकाल राखून ठेवला आहे. तुम्ही फोन करायचा. खोटं बोलायचं नाही."

"फौजेतला मानूस खोटं बोलत न्हाई."

"खोकतो मात्र," त्या म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या. गाडी वळेपर्यंत काचेआड एक हात वर आणि एक हात खाली असा हलत होता.

पुढं दर रविवारी माझा फोन. त्या विचारायच्या, "जाडी?" मी म्हणायचो, "हिरवी हाय." त्या म्हणायच्या, "मी रंग नाही विचारला." मग त्या मुळांची चौकशी करायच्या, मी त्यांच्या गुडघ्यांची. दीड वर्षात बाकीच्या काड्या मनगटाएवढ्या झाल्या. दोन ठिकाणी तर एकमेकींना चिकटल्या. वाळलेल्या फांद्यांच्या खालून नवा शेंडा निघाला आणि चौथ्या मजल्याच्या वर गेला. झाड वाचलं. हौसाचं झाड वाचलं, हे मी बाईंना फोनवर नीट सांगू शकलो नाही. मी खोकायचो. त्या म्हणायच्या, "खोकून राहिले का पुन्हा?"

यंदाच्या मे महिन्यात माझी काडी वाळली. हात लावला तर सुटून हातात आली, लाल दोऱ्यासकट. मी ती घरी आणून मोटरच्या वर कोनाड्यात ठेवली. त्या रविवारी फोन केला नाही. पुढच्याही नाही. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. शब्द चांगले हवेत, असं मनाशी म्हणत होतो. एका संध्याकाळी मन घट्ट करून नंबर लावला. फोन लेकीनं उचलला. बाई आठवड्यापूर्वी गेल्या. झोपेत, त्रास न होता.

ती म्हणाली, "काका, आई रोज तुमची आठवण काढायची. तुमचे फोन बंद झाले तर मी म्हटलं, मी लावते जयपूरला. तर नको म्हणाली. हसत होती. म्हणाली, हवालदाराचा फोन येत नाही म्हणजे काडी वाळली. हिरवी असती तर त्यांनी रविवारची वाटसुद्धा बघितली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कोनाड्यातली काडी घेऊन पार्कात गेलो. मंडळी अर्जुनाखाली बसली होती. गुप्ताजींनी हात वर केला, "राम राम, सूबेदारजी! आज इतना बन-ठन के?"

मी झाडाशी जाऊन उभा राहिलो. पाठ सरळ केली.

"हवलदार," मी म्हणालो. पार्काच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सूबेदार नहीं, गुप्ताजी. हवलदार."